देश न सोडलेली सून

१

फोन दोह्याहून आला होता. बोलणारी बाई इंग्रजीत बोलत होती, सावकाश, शब्द जुळवत. तिचं नाव जोसी. ती तिकडे नर्स होती. तिची धाकटी बहीण मारिसेल रत्नागिरीच्या घैसासांची सून. नवरा वरद मालवाहू जहाजावर अधिकारी, सासर अगदी सुखाचं. पण जानेवारीपासून बहिणीचा आवाज ऐकलेला नाही, फक्त मेसेज येतात, तेही इंग्रजीत.

उपनिरीक्षक सगुणा शिवलकरने विचारलं, इंग्रजीत आले तर काय बिघडलं?

"मॅडम, आम्ही बहिणी आमच्या भाषेत भांडतो, आमच्या भाषेत रडतो. तिने मला जन्मात कधी इंग्रजीत लिहिलेलं नाही. ते मेसेज ती लिहीत नाहीये."

जिल्हा पोलीस कार्यालयातला परदेशी नागरिकांचा कक्ष तिच्याकडे होता. रत्नागिरीत लांब मुदतीच्या व्हिसावर राहणारी परदेशी माणसं थोडी, त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा तिला ठाऊक. मारिसेल तर विसरण्यासारखी नव्हतीच. फिलिपिन्सची मुलगी, पण पहिल्या वर्षातच इथल्या हेलात मराठी बोलायला लागली होती. कार्यालयात आली की आधी शिपायाच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

सगुणाने समोरच्या संगणकावर पाहिलं. अशा माणसांना दोन महिन्यांच्या आसपास किंवा जास्त काळ नोंदवलेल्या पत्त्यावर राहायचं नसेल, तर पोलिसांना आधी कळवावं लागतं. हल्ली ते घरबसल्या ऑनलाइन करता येतं. मारिसेलने जानेवारीच्या सुरुवातीला तसं कळवलंही होतं. आई आजारी असल्यामुळे तात्पुरती मायदेशी जात आहे, एप्रिलच्या आत परतेन. त्यात कुणाला शंका घेण्याजोगं काही नव्हतं.

सगुणाने जोसीला तसं सांगितलं. तुझी बहीण तुमच्याच घरी गेली आहे, आईपाशी.



"आई माझ्याजवळ आहे," जोसी म्हणाली. "इथे दोह्यात, दिवाळीच्या आधीपासून. ती आजारी नाही. आमच्या गावच्या घराला कुलूप आहे, मॅडम. तिथे कुणीच नाही."

सगुणाने त्याच दुपारी इमिग्रेशनकडे चौकशी पाठवली. मारिसेल घैसास हिने कुठल्या विमानतळावरून, कुठल्या बंदरातून, कधी देश सोडला? संध्याकाळी उत्तर आलं.

कुठूनही नाही. कधीही नाही.

२

घैसासांचं घर खालच्या आळीत. गोपाळकृष्ण घैसास सत्तरीचे, हापूसच्या बागेचे मालक, बोलायला कमी आणि मनाने हळवे. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघाल्यापासून ते आणि त्यांची बायको मालिनीबाई शहरात राहत, आणि गोळपच्या कातळसड्यावरची बाग, बागेतलं छोटं घर, गडी, फवारणी, पेट्या, सगळं त्यांची सून पाहायची. लग्नात त्यांनी तिचं नाव मनस्विनी ठेवलं होतं. घरात सगळे तिला मनू म्हणत.

सगुणाने त्याच संध्याकाळी जाऊन शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं. तरी मालिनीबाईंच्या हातातली वाटी खाली पडली आणि कोकमाचं सार पायांवर उडालं. त्यांनी पाय हलवलासुद्धा नाही.

त्यांचं म्हणणं असं की मनूचा त्यांना मेसेज आला होता. आई आजारी, तातडीने निघते आहे, येऊन सांगायला वेळ नाही. मग मधूनमधून दोन-दोन ओळी येत राहिल्या. शेवटच्या मेसेजात, आता परत यावंसं वाटत नाही, मला माफ करा, असं होतं. गोपाळकृष्णांनी तो वाचला आणि दोन दिवस जेवले नाहीत. ऐन मोहराच्या दिवसांत, फवारणी तोंडावर असताना, ती न भेटता निघून गेली, हे त्यांना फार लागलं होतं.

"आम्ही तिला लेकीसारखं ठेवलं म्हणून समजत होतो," ते म्हणाले. "वाटलं, आपलाच गैरसमज असेल."

त्या दुखावलेल्या मनानेच त्यांनी एक निर्णय घेऊन टाकला होता. पुण्याची एक पार्टी दोन वर्षं बागेच्या मागे होती. त्यांना सड्यावर रिसॉर्ट बांधायचं होतं. दोन्ही मुलांना विकायचं होतं. गोपाळकृष्ण मात्र सांगत आले होते की मनू बाग राखते आहे तोवर मी सही करणार नाही. आता राखणारं कुणी उरलं नव्हतं. येत्या शुक्रवारी खरेदीखत व्हायचं होतं.

तेवढ्यात वरद बाहेरून आला. उंच, देखणा, वागायला अदबीचा. आठवड्यापूर्वीच जहाजावरून परतला होता. सगुणाने सांगितलेलं ऐकून तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. म्हणाला, मी तर बायको सोडून गेली असं समजून चाललो होतो. तिच्या फोनवरून त्यालाही तसाच मेसेज आला होता.

"मी आलो तो आधी इथे आलोच नाही," तो म्हणाला. "सरळ बागेतल्या घरी गेलो. वाटलं, कदाचित असेल. रात्रभर तिच्या त्या रिकाम्या घरात पडून राहिलो. सकाळी उठून आईकडे आलो."

मालिनीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, जानेवारी-फेब्रुवारीतही पोरगा जहाजावरून फोन करून मलाच हसवत होता, वादळाचं, लाटांचं, तिथल्या स्वयंपाक्याचं सांगून. सगुणाला त्याची कीव आली.

जाता जाता तिने विचारलं, असा अर्ज ऑनलाइन कसा करायचा हे मारिसेलशिवाय घरात कुणाला माहीत होतं? मालिनीबाई सहज म्हणाल्या, शार्दूलला. मागे एकदा ती गेली होती तेव्हा त्यानेच भरून दिला होता.

शार्दूल म्हणजे वरदचा धाकटा भाऊ. त्यालाही बाग विकायची होती.

३

शार्दूलचं औषधांचं दुकान मारुती मंदिराजवळ होतं. सगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेली तेव्हा तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता. तिला पाहून त्याच्या हातातली नाणी काउंटरवर सांडली.

हो, मागच्या वेळचा अर्ज मीच भरला होता, तो म्हणाला. या वेळचा नाही. वहिनीशी त्याचं फारसं जमत नसे, हेही त्याने लपवलं नाही. बाग विकली तर दुकान वाढवता येईल असा त्याचा हिशेब होता, आणि वहिनी आडवी आली होती. तोंडावर वादही झाला होता. पण ती गेल्याचं त्याला बरं वाटलं नव्हतं. असं म्हणताना त्याने मान वर केली नाही.

सगुणाला तो आवडला नाही. तिथून ती खालच्या आळीत गेली, बागेतल्या घराची किल्ली मागायला. वरद वकिलाकडे गेला होता. गोपाळकृष्णांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढलं. किल्ली त्याला बांधलेली होती.

दिवाळीनंतर बागेतला पंप चोरीला गेला, ते सोडवता सोडवता सांगू लागले. मनूने लगेच घराला नवं कुलूप आणलं, चांगलं भारी. एक किल्ली स्वतःकडे ठेवली, दुसरी यांच्या हातात दिली आणि हसून म्हणाली, बाबा, ही हरवलीत तर घर फोडावं लागेल.

"त्या दिवसापासून अंगावेगळी केली नव्हती. आंघोळीलासुद्धा नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा देतोय."

सगुणा शिपाई दीपकला घेऊन सड्यावर गेली. उन्हाने कातळ तापला होता आणि कलमांना कैऱ्या लटकत होत्या. राखणदार केरू बिडी विझवून पुढे आला. साठीचा, संगमेश्वराकडचा. वहिनी गेल्या तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. सकाळच्याच बाहेर पडल्या. नवी साडी नेसल्या होत्या, हातात फक्त खांद्याची पिशवी.

"आणि डोक्यात अबोलीचा वळेसर माळला होता," केरू म्हणाला. "मना तवाच नवल वाटला. मागारनं दादांच्या आवशीनं सांगितलान की वहिनीची आवस आजारी, म्हणून गेली. आवशीच्या दुखण्याला जाणारा मानूस वळेसर माळून जातंय काय वो?"

सगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. मारिसेल आजाऱ्याला भेटायला नाही, कुणाला तरी आनंदाने भेटायला गेली होती.

तिने घर उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. कपाटात कपडे, पलंगाखाली मोठी बॅग. परदेशी जाणारी बाई बॅग ठेवून गेली होती. पासपोर्ट मात्र नव्हता. केरू दारातूनच बोलत होता. दादा आले त्या रात्री घरात उशिरापर्यंत दिवा होता, त्याला झोपडीतून दिसला होता. त्याला वाटलं वहिनीच परत आल्या.

सगुणाने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली फिरवली. आणि तिचा हात कुलपावरच राहिला.

वरद पावसाळ्यात जहाजावर गेला होता. कुलूप दिवाळीनंतर आलं. एक किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. मग आठवड्यापूर्वी वरद, आईवडलांना न भेटता, सरळ इथे येऊन, आत शिरला कसा?

४

ऑफिसात परतताना जीपमध्ये ती किल्लीचाच हिशेब करत होती. दुसरी किल्ली मारिसेलकडे होती, आणि मारिसेल ती बरोबर घेऊन गेली असणार. ती वरदच्या हातात असेल तर त्याचा अर्थ एकच. ती गेल्यानंतर तो तिला भेटला होता.

पण तो तर समुद्रावर होता. आठवड्यापूर्वीपर्यंत.

होता ना?

सगुणाने इमिग्रेशनला दुसरी चौकशी पाठवली. सगळे मारिसेल देशाबाहेर कधी गेली हे विचारत होते. वरद देशात कधी आला, हे कुणी विचारलंच नव्हतं. भारतीय माणूस आपल्या घरी परत येतो तेव्हा त्याने पोलिसांना येऊन सांगावं असा कुठलाच नियम नाही. पण विमानतळावर किंवा बंदरात त्याच्या पासपोर्टावर शिक्का बसतोच.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. वरद गोपाळकृष्ण घैसास डिसेंबरअखेरीस कोचीत जहाजावरून उतरला होता. म्हणजे मारिसेल नवी साडी नेसून बाहेर पडली त्याच्या काही दिवस आधी. त्यानंतर त्याने देश सोडलेला नव्हता. जानेवारी आणि फेब्रुवारीत आईला केलेले ते सगळे फोन, ते वादळ, तो लाटांचा त्रास, ते जहाजावरच्या स्वयंपाक्याबद्दलचं हसणं, सगळं जमिनीवरून चाललं होतं.

नोकरीच्या पंधरा वर्षांत तिने खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. पण त्या संध्याकाळी भिंतीला टेकून खाली सरकत गेलेला तो माणूस, आणि त्याच्या डोक्यावरचा आईचा हात, तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तिने वरिष्ठांना सांगितलं, मारिसेल आता जिवंत असेल असं वाटत नाही, आणि वरद एक रात्र बागेत एकटाच होता. बागेच्या टोकाला चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर होती, वापरात नसलेली. ती उपसायचं ठरलं.

५

विहिरीवर पंप लागला तेव्हा सगळे जमले. गोपाळकृष्णांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी ते आले आणि एका चिऱ्यावर बसून राहिले. मालिनीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. वरद त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. शार्दूल जरा लांब. सगुणाने कोचीची गोष्ट अजून कुणालाच सांगितली नव्हती.

पाणी उतरत चाललं. हिरवं, मग काळं, मग गाळाचं. पंप थांबला की सगळ्यांचा श्वास थांबायचा. मालिनीबाई तोंडात पदर कोंबून पाण्याकडे पाहत होत्या. गोपाळकृष्ण पाहत होते, केरू पाहत होता, पंपवाला पाहत होता.

वरद पाहत नव्हता. तो आईला सावरत होता, मधूनच फोनवर नजर टाकत होता, एकदा बापाकडे बघून त्याने घड्याळही पाहिलं. आपल्या बायकोचं प्रेत वर येईल की काय म्हणून जिथे सगळे थिजले होते, तिथे एकट्या त्याला विहिरीत काय आहे याची उत्सुकता नव्हती.

सगुणाच्या मनात आलं, याला माहीत आहे की ती इथे नाही.

गाळ निघाला. विहिरीत एक फुटकी घागर आणि झाडांची मुळं एवढंच होतं. मालिनीबाई मटकन खाली बसल्या. त्या गडबडीत शार्दूल सगुणापाशी आला.

तो म्हणाला, तुमचा संशय माझ्यावर आहे, मला कळतंय. पण एक गोष्ट मनात डाचते आहे. चार दिवसांपूर्वी दादा दुकानात आला होता आणि वहिनीच्या थायरॉइडच्या गोळ्या घेऊन गेला. तिकडे कुरिअरने पाठवायच्या आहेत म्हणाला.

"त्यात डाचण्यासारखं काय?" सगुणाने विचारलं.

"म्हणाला, आईला सांगू नकोस. जी बायको आपल्याला सोडून गेली तिला कोण गोळ्या पाठवतो? आणि पाठवायच्याच तर आईपासून लपवायच्या कशाला? मला वाटलं, दादाचं अजून प्रेम आहे तिच्यावर, लाज वाटत असेल. म्हणून गप्प बसलो."

सगुणाने त्याचं मनगट घट्ट धरलं. ती आदल्या दिवसापासून एका प्रेताच्या मागे धावत होती. नुसतं नाटक वठवायला कुणी गोळ्या घेतल्या असत्या तर त्या चारचौघांत दाखवून घेतल्या असत्या. लपवून घेतलेल्या गोळ्या खरोखर कुणाला तरी लागत होत्या.

मेलेल्या माणसाला गोळ्या लागत नाहीत.

६

तिने वरदला बागेतल्या घराच्या ओटीवर बोलावलं. गोपाळकृष्णही मागोमाग आले. तिने त्यांना थांबवलं नाही.

प्रश्न तिने तीनच विचारले. नव्या कुलपाची किल्ली तुझ्याकडे कुठून आली? डिसेंबरअखेरीस कोचीला उतरून तू कुठे गेलास? आणि त्या गोळ्या कुणासाठी घेतल्या?

पहिल्या प्रश्नाला वरद म्हणाला, केरूने उघडून दिलं असेल. दुसऱ्याला त्याने खिशातला फोन चाचपला. तिसऱ्या प्रश्नावर त्याने वडलांकडे पाहिलं. गोपाळकृष्णांचा हात सदऱ्यावरून छातीपाशी गेला होता, जिथे किल्ली असायची.

"मी तिला मारलं नाही हो," वरद म्हणाला. अपमान झाल्यासारखा त्याचा सूर होता. "मी काय खुनी आहे का? ती चांगली आहे. दोन वेळचं जेवते."

मग त्याने सगळं सांगितलं, अगदी समजूतदारपणे. त्याने कोचीहून तिला फोन केला होता. कुणाला सांगू नकोस, आईबाबांना चकित करायचं आहे, तू चिपळूणला ये, पुण्याला व्हिसाचं काम आहे, पासपोर्ट बरोबर घे. ती आली. हसत आली. गाडी पोफळीवरून कुंभार्ली घाट चढली आणि पलीकडच्या एका आडगावात गेली. तिथे डोक्यावर परिणाम झालेल्या बायकांसाठी एकाने खाजगी निवारा काढला होता, कुणी फारसं काही न विचारणारा. चहातून तिला काहीतरी दिलं होतं. तिथल्यांना त्याने सांगितलं की ही माझी बायको मनस्विनी, मणिपूरकडची, हिला आपण परदेशी असल्याचे भास होतात. फोन, पासपोर्ट, किल्ली, सगळं त्याने काढून घेतलं. सासरी कळवलं ती माहेरी गेली, माहेरी कळवलं ती बागेच्या कामात आहे. पोलीस शोधायला लागू नयेत म्हणून तिच्या फोनवरून तो अर्जही भरला. मग मुंबईत मित्राच्या खोलीवर राहून तो समुद्रावरचे फोन करत राहिला.

हे सगळं कशासाठी, असं विचारायची वेळच आली नाही. तो स्वतःच वडलांकडे वळला.

"बाबा, ती असेपर्यंत तुम्ही सही केली नसतीत. शुक्रवारी सही झाली की मी तिला सोडणारच होतो. पुढे तिचा व्हिसा संपला असता, सरकारनेच तिला घरी पाठवलं असतं. तिकीटही मी काढून दिलं असतं. कुणाचंच नुकसान नव्हतं यात."

गोपाळकृष्ण ओटीच्या खांबाला धरून उभे होते. सगुणाला वाटलं, आता ते मुलाला मारतील. ते वळले आणि ओटीच्या पायऱ्या उतरून बागेत चालत गेले.

७

निवाऱ्याचा चालक बिनधास्त माणूस होता. इथे कुणी फिलिपिन्सची बाई नाही, तो म्हणाला. सगुणाने नाव बदलून विचारलं तेव्हा हसला.

"ती मनस्विनी होय? ती मणिपूरची. पहिल्या दिवसापासून हेच सांगत बसते, मी परदेशी, माझ्या पोलिसांना फोन लावा. आता मॅडम, फिलिपिन्सची बाई 'अगो बाय' म्हणेल का? आमच्यापेक्षा बरं मराठी बोलते ती."

नव्या घरात आपलं मानतील म्हणून ती मुलगी जी भाषा जीव लावून शिकली, तीच इथे तिच्याविरुद्ध पुरावा झाली होती. जितकं चांगलं बोलावं तितकी ती वेडी ठरत होती.

मागच्या पडवीत सात-आठ बायका बसल्या होत्या. मारिसेल त्यांच्यात वाल सोलत होती. केस कापलेले, गालफडं वर आलेली. सगुणाचा खाकी गणवेश पाहून ती उठली नाही. तिने आधी तिचा चेहरा नीट पाहून घेतला, मग मांडीवरच्या शेंगा शेजारच्या म्हातारीच्या सुपात ओतल्या.

"शिवलकर मॅडम," ती म्हणाली, "यांना सांगा मी कोण ते."

सगुणाने सांगितलं. मोठ्याने, तिच्या पासपोर्टातल्या पूर्ण नावासकट, त्या पडवीतल्या प्रत्येकीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग मारिसेलला रडू फुटलं.

परतताना गाडी घाट उतरू लागली तेव्हा मारिसेलने विचारलं, वरद कुठे आहे? कोठडीत, सगुणा म्हणाली. पोफळी मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, मी त्या दिवशी अबोली माळली होती.

खालच्या आळीत दारातच मालिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी तिला कवटाळायला हात पुढे केले. मारिसेल पायरीखालीच थांबली.

"आई, माझी आई आजारी आहे असं कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "तिला बरं आहे का, हे विचारायला एकदाही फोन का नाही केलात?"

मालिनीबाईंचे हात तसेच हवेत राहिले. जोसीचा नंबर घरात होता, दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर मारिसेलनेच लिहून ठेवलेला. एक फोन केला असता तर जानेवारीतच सगळं उघडं पडलं असतं. पण त्यांना भाषा येत नव्हती, मनात राग होता, आणि परदेशी मुलगी ती, कधीतरी जाणारच, असं कुठेतरी आतून आधीच वाटत होतं.

मारिसेल त्या घरात गेली नाही.

८

वरदवर खटला उभा राहिला. निवाऱ्याला टाळं लागलं आणि तिथल्या इतर बायकांच्या नातेवाइकांचा शोध सुरू झाला. खरेदीखत झालं नाही. मारिसेलचा व्हिसा संपण्यापूर्वी सगुणाने स्वतः वरिष्ठांकडे खेटे घालून तिला साक्षीसाठी मुदतवाढ मिळवून दिली. मारिसेल शहराजवळच्या नाचणे गावात एका निवृत्त शिक्षिकेकडे खोली घेऊन राहिली.

मे महिन्यात तिची आई दोह्याहून आली. ठेंगणी, बारीक, पांढऱ्या केसांची बाई. पोलिसांची कागदपत्रं करायला सगुणा खोलीवर गेली होती, तेव्हाच गोपाळकृष्ण आले. एकटे आले होते. या दोन महिन्यांत ते खूप वाळले होते. हातात काही नव्हतं, आंबेसुद्धा आणले नव्हते.

ते म्हातारीसमोर उभे राहिले. सुनेला म्हणाले, तुझ्या आईला सांग, मी माफी मागायला आलोय. सांग तिला, माझ्या घरात तिच्या मुलीचं असं झालं आणि मला कळलं नाही. माझ्या मुलाने केलं, पण विश्वास मी ठेवला. सांग तिला, मनू.

मारिसेल खिडकीपाशी उभी होती. तिने मान हलवली.

"हे मी नाही सांगणार, बाबा," ती म्हणाली. "तुम्हालाच सांगावं लागेल."

गोपाळकृष्णांना मराठीखेरीज धड काही बोलता येत नसे. इंग्रजी शाळेत शिकले तेवढंच, तेही साठ वर्षांपूर्वी. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, पुन्हा मिटले. त्यांनी हात जोडले, मग तेवढं पुरे नाही असं वाटून खाली घेतले. कपाळावर घाम आला होता. सगुणाने मान वळवली, तिला बघवेना. म्हातारी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने मुलीला आपल्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि मुलीने तिला दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणतायत त्या?" सगुणाने हळूच विचारलं.

"विचारतेय, हे काय म्हणाले," मारिसेल म्हणाली. "मी सांगितलं, अजून काही म्हणाले नाहीत."